चपलांजवळची जागा

सुलोचना दिगंबर कोनाळे,

तुझे पूर्ण नाव तुला उद्देशून मी आज प्रथमच लिहितो आहे. शाळेच्या आणि दवाखान्याच्या कागदांवर ते अनेकदा लिहिले. परंतु घरात मी तुला 'अगं' म्हणत असे आणि तू मला 'अहो'. लग्नाच्या पंगतीत उखाण्यात तुझे नाव घेणे भाग पडले, तेव्हा मी असे काही लांबलचक, संस्कृतप्रचुर वाक्य उच्चारले की उमरग्याच्या तुझ्या मावशीने हातातला घास तसाच धरून विचारले, "जावईबापूंनी नाव घेतलं का भाषण केलं?" पंगत हसली, तूही पदराआड हसलीस. त्यानंतर नाव घेण्याचा प्रसंग मी कटाक्षाने टाळला.

आज लिहिण्याचे कारण असे की तुळजापुरातली तुझी खोली सोडावी लागली. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत, हळदीकुंकू आणि परड्यांच्या दुकानावरची ती खोली, जी दुकानमालक अण्णांनी 'बाई पोरांना काहीतरी चांगलं शिकवतात' एवढ्या विश्वासावर तुला शनिवार दुपारपुरती दिली होती. तू गेलीस तेव्हा त्या खोलीत सर्वांत लहान असलेल्या मुलींची मुले आता शाळेत जातात. इतकी वर्षे दर शनिवारी मी जिना चढून कुलूप काढले, सतरंजी झटकली आणि दारापाशी बसलो. अण्णा मागच्या महिन्यात संकोचाने म्हणाले, "सर, बाईंची खोली म्हणून म्या कधी काही बोललो न्हाय. पर नातवाला वरती लॉज करायचंय. यात्रेकरूंना जागा पुरंना झालीया." त्यांचे म्हणणे रास्त होते. मी होकार दिला आणि घरी आलो. खोली गेली की मुले पांगतील, मुले पांगली की तुझे काम संपेल आणि मग तू दुसऱ्यांदा जाशील, असा माझा सरळ हिशेब होता.

ते काम सुरू झाले तो दिवस मला आपल्या स्वयंपाकघरासकट आठवतो. जगातल्या कितीतरी देशांत तरुण मुलामुलींना पुढाकार घ्यायला शिकवणाऱ्या एका संस्थेची पुस्तिका तू शिकवत होतीस त्या मुलींच्या शाळेत आली होती. ती इंग्रजीत होती, आणि महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारा नवरा घरात असल्यामुळे अनुवादाचे काम माझ्याकडे आले. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस. मी पाटावर बसून मोठ्याने वाचतो आहे: "युवकांमधील नेतृत्वगुणांचे संवर्धन आणि सामाजिक कृतिकौशल्यांचा सर्वांगीण विकास." तू मागे वळूनही पाहत नाहीस. "अहो, एवढं ऐकून पोरी मागल्या दारानं पळून जातील की."

"मग काय म्हणावे?"

"म्हणायचं, पुढं हो. पण मागं कोण राहिलं ते बघत हो." एवढे बोलून तू भाकरी उलटलीस. मी समासात 'अनुवाद अपुरा' असा शेरा लिहिला. पुढे नोकरीभर नेतृत्वाच्या अनेक व्याख्या मी वर्गात सांगितल्या. त्यांपैकी एकही आज मला आठवत नाही, तुझी मात्र आठवते.

आपल्या भागात कोणताही कार्यक्रम शाल आणि श्रीफळ झाल्याशिवाय सुरू होत नाही, आणि झाल्यावर मूळ कार्यक्रमाला वेळ उरत नाही. तू पहिल्याच शनिवारी खुर्च्या जिन्याखाली ठेवल्यास आणि एक नियम घातलास. मुलांनी सतरंजीवर गोल बसायचे, त्यांच्यातल्या एकाने बैठक चालवायची; कोणी मोठे माणूस आलेच तर त्याने दारापाशी, चपलांजवळ बसायचे आणि विचारले तरच बोलायचे. हार घेऊन आलेले एक पुढारी त्याच पावली हार घेऊन परत गेले होते, हे तुला आठवत असेल. मी उपप्राचार्य झालो होतो. तरीही कुतूहलापोटी एकदा आलो आणि त्या जागी बसलो. एक लहानशी मुलगी बैठक चालवत होती. शाळेजवळच्या हापशाचा विषय होता. एका मुलाने तिला अडवून काही विचारले आणि ती गप्प झाली. मला तिची दया आली आणि मी उत्तर दिले. उत्तर बरोबर होते. घरी परतताना वाटेत तू म्हणालीस, "तिचं गप बसणं तिचं होतं. तुम्ही कशाला उचललंत?"

"मी तिला मदत केली."

"व्हय, केलीत. आता पुढच्या वेळी गप बसली, की ती तुमच्याकडंच बघणार." मग माझा चेहरा पाहून तूच हसलीस. "तुम्हाला तेवढं गप बसता आलं, तर लई झालं बघा."

तुला सांगायचे आहे ते इथून पुढे. यंदा बैठक चालवते ती तामलवाडीची एक मुलगी आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बोलताना ओढणीचे टोक बोटाला गुंडाळते, पण मुद्दा सोडत नाही. त्यांच्या गावच्या बऱ्याच मुली महाविद्यालयासाठी तुळजापूरला येतात. संध्याकाळी सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या यात्रेकरूंनी भरतात आणि वाटेत उतरणाऱ्या मुली मागे राहतात. घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. दिवाळीनंतर मुलींना पाठवायचेच नाही, असे गावात बोलले जाऊ लागले, आणि ते ठरवण्यासाठी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली गेली. मुलीचा मला फोन आला. "सर, आमच्या गावात बैठक हाय. तुमी येताव का? चपलांजवळ बसायला."

मी गेलो. पारावर माझ्यासाठी घडी घातलेली घोंगडी अंथरली होती. मी खाली पायरीशी, जिथे सर्वांनी पायताणे काढली होती तिथे बसलो. गावकरी अस्वस्थ झाले. "सर, वर या की! तितं कुठं बसलाव?" मुलीचे चुलत आजोबा तर उठून उभेच राहिले. ती म्हणाली, "आजोबा, असू द्या. त्यांची जागा तीच हाय." कोणीतरी हसले आणि बैठक सुरू झाली.

तिने मुलींची अडचण नीट मांडली. आजोबांनी ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "बाई, तुझं समदं खरं. पर अंधार पडला की आमचा जीव थाऱ्यावर राहत न्हाय. त्यो कसा ठेवायचा, ते सांग." आणि ती गप्प झाली. ओढणीचे टोक बोटाभोवती फिरू लागले. तेवढ्यात सगळा पार माझ्याकडे वळला. आजोबा हात जोडून म्हणाले, "सर, तुमी शिकलेलं माणूस. तुमचा शबूद आमी खाली पडू द्यायचो न्हाय. सांगा, पोरी धाडू का नको?"

सुलोचना, माझ्याकडे संपूर्ण भाषण तयार होते. मी नुसते 'पाठवा' म्हटले असते तरी त्यांनी पाठवल्या असत्या. माझा मान राखण्यासाठी आणि माझा मान राहील तोपर्यंतच. ती माझ्याकडे बघते आहे. मी समोरच्या चपलांकडे बघतो आहे. त्यांतल्या एकीचा अंगठा तारेने बांधलेला आहे. कोणाच्या तरी गोठ्यात साखळी वाजते. माझ्या जिभेवर कर्ता, कर्म, क्रियापद सारे यथास्थित मांडलेले आहे आणि मी ते गिळतो. इतकी लांब शांतता मी वर्गातही कधी सहन केली नव्हती. शेवटी तिने माझ्यावरून नजर काढली.

"आजोबा, जीव थाऱ्यावर राहत न्हाय ना? मग उद्या तुमीच चला माज्यासंगं. सकाळच्या गाडीनं यायचं, दिसभर कॉलेजातल्या झाडाखाली बसायचं, संध्याकाळी माज्यासंगं गाडीला उभं राहायचं. परवा दुसरं कुणीतरी येईल. समदे येऊन जावा, मग ठरवा."

"मी? ह्या गुडघ्यानं?"

"आमचे बी गुडघेच हैत की!"

पार हसला. आजोबाही हसले, आणि हसल्यामुळे त्यांना दुसऱ्या दिवशी जावे लागले. परत आले ते गाडीच्या गर्दीवर तापूनच. गाडीच्या दारात त्यांनी काठी आडवी धरून पोरींना आधी चढवले, आणि पारावर येऊन जाहीर केले, "पोरी भीत न्हाईत, मीच भ्यालो. एकट्यानं उभं राहायचं काम न्हाय ते." त्यानंतर दूध किंवा फुले घेऊन तुळजापूरला जाणाऱ्या बापांनी आपसात पाळी लावली. ज्याची पाळी असेल त्याने संध्याकाळी मुलींच्याच गाडीने परतायचे, आणि मुली चढल्याशिवाय स्वतः चढायचे नाही. मुली जात राहिल्या. दिवाळी होऊन गेली तरी जातच आहेत.

यातले काहीही मला कोणी कळवले नाही. कितीतरी दिवसांनी, दुसराच विषय चालू असताना, ते ओघात कानावर आले. शिष्टाचार म्हणून मला वाईट वाटायला हवे होते. त्या रात्री मला तू गेल्यापासून लागली नव्हती अशी झोप लागली.

म्हणूनच खोली जाणार असल्याचे मुलांना सांगण्याचे धैर्य आले. मी प्रस्तावनेची दोन वाक्ये बोललो नाही तोच ती मुलगी म्हणाली, "ठाव हाय, सर. अण्णांनीच सांगितलं. आमचं ठरलं बी. आता शनिवारी एकेका गावात बसायचं. पहिल्यांदा आमच्या पारावर."

"परंतु पाराला दार नाही," मी म्हणालो. "नियमाचे काय?"

"दार नसंना का, सर. चपला तर असतीलच की!"

मागच्या शनिवारी त्या खोलीतली शेवटची बैठक झाली. मुलांनी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर त्या पुस्तिकेच्या संस्थेची निरनिराळ्या देशांतली मुले होती. आपल्या गावात काय केले, ते प्रत्येकाने सांगायचे होते. तामलवाडीच्या मुलीने तिच्या जमेल तशा इंग्रजीत पार, गाडी आणि आजोबांचे गुडघे सांगितले. मग चपलांचा नियम सांगितला आणि मोबाइल उचलून माझ्याकडे वळवला. मी अनवधानाने नमस्कार केला. कुठल्याशा डोंगराळ देशातला एक मुलगा खळखळून हसला. म्हणाला, आमच्याकडे म्हातारी माणसे शेगडीला अगदी चिकटून बसतात आणि तिथूनच सगळे ठरवतात. त्यांना दाराशी बसवायचे तर आधी दोन घोंगड्या द्याव्या लागतील. खोलीभर हशा झाला. कोणीही मला अनुवाद विचारला नाही.

आज मी एकटाच गेलो. सतरंजी मुलांनी आधीच नेली होती. अण्णा जिन्याच्या तळाशी उभे होते. "सर, बाई असत्या तर त्यांना वाईट वाटलं असतं का हो?"

"त्यांनी प्रथम विचारले असते, सतरंजी धुऊन नेली का तशीच," मी म्हणालो.

"व्हय, व्हय. लई खमक्या बाई," असे म्हणत त्यांनी डोळे पुसले.

वर जाऊन मी माझ्या जागी बसलो. खालून कुंकवाचा आणि कापराचा वास येत होता. मला रडू येईल असे वाटले होते, आले नाही. बऱ्याच वर्षांनी पाठ भिंतीला टेकून मोकळी झाली, एवढेच जाणवले. तुझे काम माझ्या हातात राहिलेले नाही, आणि ते हातातून पडलेलेही नाही.

हे पत्र पाकिटात घालणार नाही. त्यावर पत्ता काय लिहावा, हे माझ्यासारख्या काटेकोर माणसालाही ठाऊक नाही. एकच गोष्ट तेवढी सांगून ठेवतो. उठण्यापूर्वी, त्या रिकाम्या खोलीत, मी तुझे नाव मोठ्याने घेतले. उखाणा घातला नाही. नुसते नाव.

मग दार ओढून घेतले, कुलूप लावले, ते एकदा हलवून पाहिले आणि खाली उतरून किल्ल्या अण्णांच्या हातात परत दिल्या.