कंपनीने अडवलेली ताईची विहीर

सोलापूर,
रथसप्तमी तोंडावर आलेली

ति. चेतनाताईस,

धाकट्या मुकुंदाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे, तुझी डाळिंबाची बाग आणि तुमच्या गल्लीतला पाण्याचा टँकर, तिन्ही वेळच्या वेळी हलत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. फोन तू उचलत नाहीस, खेळातून तू निघून गेलीस, म्हणून या वयात पुन्हा कागद-पेन काढावं लागलं. पत्र फळवाल्या पंचाक्षरीबरोबर पाठवतोय. तो डाळिंबं घ्यायला सांगोल्याला येतोच. त्याला चहा दे, पण उत्तर दिल्याशिवाय सोडू नकोस.

आता मुद्द्याचं. आपल्या त्या मोबाइलवरच्या ‘हिरवं शिवार’ खेळात आमच्या हिने, गोदावरीने, संक्रांतीला मंडळातल्या सगळ्या बायकांना वाण दिलं. अक्कलकोटच्या गंगम्माने वाणात आलेली झारी हौसेने सगळ्यांना दाखवली. तुला मात्र काहीच आलं नाही, आणि त्याच संध्याकाळी ‘डोळे दुखतात’ एवढं लिहून तू मंडळ सोडलंस. ताई, तुझे डोळे मला ठाऊक आहेत. भावोजी गेल्यापासून ते नेमके संक्रांतीतच दुखतात, आणि हळदीकुंकवाचं नाव काढलं की तुझी बाग फवारायची असते. तुला वाटलं असणार, गोदावरीनेही आपल्याला वगळलं. तसं नाही गं. तुझं वाण कंपनीने अडवलं, आणि ते सोडवायला हिने काय केलं ते तुला कळावं म्हणून हा खटाटोप.

त्याचं झालं असं. बाकीच्यांना एकेक झारी, पण तुझ्यासाठी हिने विहीर काढून ठेवली होती. (खेळातसुद्धा तू टँकरच मागवतेस. सांगोल्याचं माणूस, दुसरं सुचणार तरी काय!) या वस्तू खऱ्या पैशांनी घ्याव्या लागतात, हे तुला माहीतच आहे. हिने झारीमागून झारी घेतली, वाटली, आणि शेवटी विहिरीचं बटण दाबलं, तेव्हा कंपनीच्या कॉम्प्युटरला संशय आला. एक बाई एकच वस्तू पुन्हा पुन्हा विकत घेते, तोंडही न पाहिलेल्या बायकांना देऊन टाकते आणि बदल्यात काहीच घेत नाही. त्याच्या हिशेबी असं वागणार कोण, तर दुसऱ्याचं कार्ड चोरलेला माणूस. हिचं पेमेंट बंद केलं. संक्रांत माहीत नसलेल्याला वाण लुटणारी बाई चोर वाटली, तर त्याला तरी काय बोलणार.

मग आम्ही कस्टमर केअरच्या दारात गेलो. ताई, मी जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसलो. आलेल्या माणसाला गोड बोलून परत कसं पाठवावं, हे मला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. पण या लोकांना मी मनापासून मानलं. आम्ही ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणायचो, तर निदान साहेब असावा लागायचा. यांच्याकडे साहेबच नाही. आम्ही जेवणाची सुट्टी सांगायचो, तर डबा तरी उघडावा लागायचा. इथे मैना नावाची एक आहे, ती जेवत नाही, चिडत नाही, लिहिल्या लिहिल्या उत्तर देते आणि त्या उत्तरात काही म्हणजे काही नसतं. एवढी सफाई आमच्या हेडक्लार्कलाही जमली नव्हती.

मैना हे यंत्र आहे, हे मी हिला परोपरीने सांगितलं. हिचं मत, एवढं गोड यंत्र बोलत नसतं, नोकरीला लागलेली कुणाची तरी मुलगी आहे. त्यामुळे तक्रारीआधी ‘जेवलीस का बाळ’ हा प्रश्न ठरलेला. आणि शेवटी मैना चांदण्या मागायची (आपलं काम कसं वाटलं, त्याच्या पाच चांदण्या असतात), की ही पाचही देऊन मोकळी. पाच चांदण्या पडल्या की तिकडे नोंद व्हायची, ग्राहक समाधानी, तक्रार मिटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. म्हटलं, आज एकच दे. तर माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसत बसलो. आपलं वाण अडलं म्हणून लेकराच्या पोटावर पाय द्यायचा का, असं म्हणाली, आणि दिल्या पाच.

रोज तक्रार करणारं आणि रोज समाधानी असणारं हे कोण, याची कंपनीलाच काळजी लागली असावी. आशिष नावाचा खराखुरा माणूस चॅटवर आला. या बायकांकडून तुम्हाला काय मिळालं, असं त्याने विचारलं. काही नाही, वाण द्यायचं असतं, हिने कळवलं. त्याने पुरावा मागितला. हिने घरच्या गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाचा फोटो धाडला. (त्यात कोपऱ्यात मी पायजम्यावर तिळगुळाचं ताट धरून उभा आहे. चोराच्या घरी असा माणूस नसतो, हे त्याला पटलं असेल.) मग त्याने शेवटचं विचारलं, सगळ्यांना झारी आणि या एकाच खात्याला विहीर का?

हिने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतः एकेक अक्षर शोधून लिहिलं. मी मागून वाचलं. “त्या माझ्या मोठ्या वन्सं आहेत. नवरा गेला तेव्हापासून त्यांना कुणी वाण देत नाही. मी देणार आहे. तेवढं सोडा.”

ताई, इतक्या वर्षांचा संसार, पण त्या दिवशी मला या बाईचं लई कौतुक वाटलं. तोंडावर सांगणं काही जमलं नाही, म्हणून शेजारी बसून मटकी निवडून दिली. थोड्या वेळाने आशिषने पेमेंट सोडलं, वर ‘वन्संना नमस्कार सांगा’ असंही लिहिलं. तो सांगितला असं समज.

हिने देवापुढे साखर ठेवून बटण दाबलं. विहीर गेली आणि लगेच परत आली. खाली लिहून आलं, हे शेत आता कुणाचंच नाही.

तेव्हा कंपनीकडचं काम झालेलं आहे. आता अडलंय ते तुझ्याकडे. बागेला पाणी मिळो, गुडघ्यांना आराम मिळो.

तुझा धाकटा,
मुकुंदा

ता. क. खेळाचं जाऊ दे. वाण रथसप्तमीपर्यंत देता येतं, म्हणून तू सरळ घरी ये. विहीर काही पाटावर मांडता येत नाही, तर हिने बाजारातून तांब्याची झारी आणून, घासून ठेवली आहे. करंडा ती सगळ्यांपुढे धरते तसाच तुझ्यापुढेही धरणार आहे. कुंकू लावून घ्यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. ओळीत तुझा पाट मात्र मांडलेला असेल.

पुन्हा ता. क. हिने हे वाचलं. म्हणते, पाल्हाळ फार. आणि तू आली नाहीस तर तुझी तक्रार मैनाकडे करणार आहे. चांदण्या तुलाही पाचच देणार म्हणे.