मागची भिंत

सेंगकांग, ५ मे २०२५

चि. अरुणा,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुझा भाचा मुकुल सकाळीच रॅफल्स प्लेसला बँकेत जातो. मग अकराव्या मजल्यावर मी आणि माझी जुनी क्रमिक पुस्तकं. चौथीच्या कविता अजून पाठ आहेत, कालची भाजी आठवत नाही. हसू नकोस.

आपल्या धाकट्या प्रबोधचा एक जूनला चर्चमध्ये सत्कार आहे, चाळीस वर्षं पियानो वाजवला म्हणून. मिशन शाळेच्या पेटीवर बोटांनी सूर चाचपणारं आपलं आंधळं पोर इथे परदेशी हॉटेलात काउबॉय टोपी घालून अमेरिकन कंट्री गाणी म्हणायला आलं. शनिवारी बारमध्ये ट्रकवाल्यांची विरहगीतं, रविवारी प्रभूची. दोन्हीकडे माणसं डोळे पुसायची.

आता लिहितो ते मनात ठेव. फेब्रुवारीत उपासना चालू असताना पाणी प्यायला हॉलच्या मागे गेलो. ड्रम ऐकू येत होते, गिटार ऐकू येत होती, प्रबोधचा पियानो नाही. तो तर वाजवत होता. पाळकांना गाठलं. ते म्हणाले, अंकल, त्यांचा ताल तरुणांशी जुळत नाही, म्हणून हॉलमध्ये त्यांचा आवाज बंद ठेवतो. पायाशी छोटा स्पीकर आहे, त्यात त्यांना स्वतःचं ऐकू येतं. त्यांचं मन कशाला मोडायचं, तुम्ही सांगू नका. मी मान हलवली.

तेव्हापासून दर रविवारी हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना तो विचारतो, मागच्या बाकांवर कसं वाटलं. मी सांगतो, सूर वेलीसारखे छतापर्यंत चढले. शब्द आपोआप येतात गं. काय करू?
तुझा आशीर्वादक,
निशिकांत

नाशिक, १५ मे २०२५

ती. दादा,
सप्रेम सलाम. पत्र वाचलं आणि दोन दिवस घास गोड लागला नाही.

शाळेमागच्या डबक्याचं तू त्याच्यासाठी शब्दांनी तळं केलंस, कमळं फुलवलीस, बगळे सोडलेस. तेव्हा मी गप्प बसले. जन्मभर मराठी शिकवलंस, पण एक साधं वाक्य तुला बोलवत नाही. त्याला डोळे नाहीत पण दादा आहे, याच भरवशावर तो आजवर चालला.

सत्काराआधी सांग. गळ्यात हार पडण्याआधी त्याचं त्याला ठरवू दे, बसायचं की उठायचं. पाळक परके आहेत, तू नाहीस.
रागावले आहे, तरी तुझीच,
अरुणा

वुडलँड्स, २ जून २०२५

ती. दादा,
सा. सलाम वि. वि. हे ब्रेलमध्येच टोचतो आहे. लहानपणी माझ्यासाठी तू ही टिंबं डोळ्यांनी वाचायला शिकलास, म्हणून आपल्या पत्रांत तिसरं माणूस नसतं.

काल हार पडला, भाषणं झाली. तू काही सांगशील म्हणून शनिवारी फोनजवळ बसलो होतो. तू हवेबद्दल बोललास.

हॉलची मागची भिंत चाळीस वर्षं माझा सूर मला परत द्यायची, किंचित उशिरा. फेब्रुवारीत ती गप्प झाली. आंधळ्याला भिंती आधी कळतात, दादा. तालाचं पाळकांचं खरंही असेल. बोटं म्हातारी झाली. मी वाट पाहत होतो ती तुझी. ईस्टरला मी गीताऐवजी बारमधलं ट्रकवाल्याचं गाणं वाजवलं. कोपी पिताना तू म्हणालास, पुनरुत्थानाचं गीत इतकं भरून कधी ऐकलं नव्हतं. मी तुझ्यासाठी आणखी एक कोपी मागवली.

तुझ्या तळ्यात मी नवव्या वर्षी पडलो होतो. गुडघाभर चिखल. अरूताईने फ्रॉकने पाय पुसले. तुला सांगू नको असं मीच तिला म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून.

पुढल्या रविवारपासून मी चर्चला येणार नाही. तू मात्र जात जा.

शेवटच्या गीताला मागच्या बाकांवरच्या बायका रडत होत्या, असं तू काल सांगितलंस. माझ्या सुरांनी त्यांना रडवलं म्हणालास. शेवटच्या गीताला माझे हात मांडीवर होते.

लोभ हवाच आहे. वर्णन नको.
तुझा,
प्रबोध