गॉसिपची कुळकथा

सोमवार, ३ मार्च

शब्दकोशाच्या कचेरीत आज दारावर नोटीस लागली — कामाच्या वेळेत गॉसिप करू नये. खाली संपादकांची सही. आणि या आठवड्यात अर्थ लिहायला माझ्याकडे आलेल्या शब्दांत पहिलाच कोणता? गॉसिप! हसू दाबताना पोटात दुखलं.

नोटीस आमच्यामुळेच. संपादकांच्या पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली. इतकी वर्षं तोच राखाडी स्वेटर, तोच उतरलेला चेहरा. आणि आता दर गुरुवारी चार वाजले की केस विंचरून स्वारी गायब. कुठे? यावर मी आणि टंकलेखिका महिनाभर कीस पाडतोय.

मंगळवार, ४ मार्च

शब्दाचं मूळ काढलं. 'गॉड' म्हणजे देव, 'सिब' म्हणजे नात्यातलं. जुन्या इंग्रजीत 'गॉडसिब' — मुलाचे धर्मपिता किंवा धर्ममाता. रक्ताचं नव्हे, देवासमोर जोडलेलं नातं. पुढे अर्थ झाला जिवलग मित्र. मग बाळंतिणीच्या सोबतीला जमणाऱ्या मैत्रिणी. त्या काय तोंडाला कुलूप लावून बसणार? बोलल्या. आणि होता होता त्या बोलण्यालाच गॉसिप म्हणू लागले. खोलीबाहेर ताटकळणाऱ्या पुरुषांनीच शब्द नासवला असणार! (हे माझं मत. कोशात चालणार नाही.)

गुरुवार, ६ मार्च

संपादकांनी माझं गॉसिपच्या नोंदीचं कार्ड परत पाठवलं. मूळबिळ सगळं खोडलेलं. उरलं काय, तर 'बायकांच्या कुचाळक्या'. विचारायला गेले, बायकांच्या कशावरून? म्हणाले, रूढ अर्थ आहे. मी म्हटलं, छपाईवाले काका आणि दोन्ही शिपाई तुमच्या गुरुवारांबद्दल आमच्याहून जास्त बोलतात. कान लाल झाले त्यांचे! चारला गेलेच.

घरी आल्यावर आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. बाबा गेल्यापासून आमची संध्याकाळ अशीच जाते — मी कचेरी ओतायची, तिने ऐकायचं. आज तिनं विचारलं, लोक हसतात का गं त्यांना? म्हटलं, पोट धरून. मग म्हणाली, डोकं दुखतंय, आणि लवकर झोपली.

शुक्रवार, ७ मार्च

टंकलेखिकेच्या मते दाताच्या डॉक्टरीणबाई. माझ्या मते कुणी गाणाऱ्या बाई. एका कॉफीची पैज.

सोमवार, १० मार्च

त्यांच्या कार्डावर 'मान्य नाही' लिहून मी ते पुन्हा त्यांच्याकडे पाठवलं. 'बायकांच्या' नाही म्हणजे नाही.

बुधवार, १२ मार्च

बोलावणं आलं. ऐकायचं नसेल तर तळघरात पाकिटांवर पत्ते चिकटवायला जा, म्हणाले. सतरा वर्षं शब्दांत काढली मी. जीभ सुटलीच.

"साहेब, आम्ही तुमच्याबद्दल बोलतो, कारण इतक्या वर्षांनी तुम्ही आनंदात दिसताय. वाईट कुणीच बोलत नाही."

त्यांनी चष्मा काढला. पुसून पुन्हा लावला. मग लाल पेनाने स्वतःच 'बायकांच्या' खोडलं, आणि देवासमोरच्या नात्याची ओळ परत लिहिली.

मी निघाले तर म्हणाले, हे सगळं घरीही सांगता का? म्हटलं, आईला सांगते. त्यांना जोराचा ठसका लागला.

गुरुवार, १३ मार्च

नोटीस गेली! आज मला कुणाचीच टिंगल करावीशी वाटली नाही. जरा वेळच.

रविवार, १६ मार्च

सकाळी साडेदहाला बेल वाजली. दारात संपादक. मी विचारलं, काही तातडीचं काम होतं का? मागून आई म्हणाली, "अगं, माझ्याकडे आलेत ते. आत तर येऊ दे."

आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी हाती लागलीय. आणि सांगू कुणाला? रोज जिला सांगते, ती बाहेरच्या खोलीत त्यांना चहा देतेय.