टिटवी मला ओळखते

३ मार्च, सकाळी ६.१०
निवृत्त विज्ञान शिक्षकाच्या ज्ञानाचा अखेर सदुपयोग. संरक्षित माळरानावर स्वयंसेवक म्हणून नेमणूक, छातीवर बिल्ला. वनरक्षक बाईंनी पायवाटेलगतचे टिटवीचे घरटे लांबून दाखवले. उघड्या जमिनीवर चार खडे, चार अंडी. पिल्ले निघायला तीन आठवडे. तोवर फिरायला येणारे आणि सायकलवाले यांना दूर ठेवायचे.
संकल्प: चारही पिल्ले माझ्या देखरेखीखाली बाहेर पडतील.

४ मार्च
बाईंनी बजावले होते, की घरट्याजवळ कुणीही जायचे नाही. हा नियम अर्थातच सामान्य जनतेसाठी. मोजमापाविना संरक्षण अशास्त्रीय ठरते, म्हणून टेप घेऊन गेलो. टिटवी तत्काळ उडाली आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालत मोठमोठ्याने ओरडली. केवढे हे स्वागत!
घरी सांगितले. सौ. म्हणाली, वर्गात शिरलात की मुलंही असंच स्वागत करायची ना? दुर्लक्ष केले.

७ मार्च
स्वखर्चाने बोर्ड लावला: ‘येथे टिटवीचे घरटे आहे’, खाली ठळक बाण. काल कुणी ढुंकून पाहत नव्हते, आज बावीस जण थांबले. त्यांना उष्मायनाची, म्हणजे अंडी उबवण्याची, प्रक्रिया पन्नास मिनिटे समजावली. एका आजोबांनी विचारले, मास्तर, आम्ही फिरायला आलोय की परीक्षेला?
दुपारी बाईंनी बोर्ड उपटला. प्रशासनाला लोकशिक्षणाचे वावडे.

१० मार्च
घात! अंडी तीनच. कालच्या इन्स्पेक्शनला चार होती. टिटवी माझ्या स्वागतात गुंतलेली असताना मागे एक कावळा उतरला होता खरा, पण माझा संशय सायकलवाल्यांवर. बाईंकडे लेखी मागणी केली: हालचाल होताच फोटो काढणारा कॅमेरा लावा, गुन्हेगार सापडेल.

११ मार्च
कॅमेरा बसला. त्याच्या नजरेतून काही सुटू नये म्हणून यापुढे दिवसातून तीन फेऱ्या.

१५ मार्च
बाईंनी ऑफिसात बोलावून स्क्रीनसमोर बसवले. माणसे-जनावरांचे एकूण एकसष्ट फोटो. सायकलवाले: शून्य. एक कुत्रा, तोही मान खाली घालून निघून गेलेला. उरलेले साठ: मी. मी वाकलेलो, मी टेप धरलेला, मी वर पाहून हात हलवताना.
बाई म्हणाल्या, सर, ती तुमचं स्वागत नाही करत, तुम्हाला हाकलतेय. आणि ती उठली की कावळ्याचं फावतं. हे एक मत झाले. मी मतभेदाचा आदर करतो. बिल्ला टेबलावर ठेवून आलो. स्वेच्छेने. त्यांनी मागितल्यावर.

१६ मार्च
दीर्घ विश्रांती. प्रकल्पाला माझी उणीव भासेलच.

२५ मार्च, सायंकाळी ५
बाईंचा फोन. तिन्ही पिल्ले सुखरूप निघाली. म्हणाल्या, सर, तुम्ही आला नाहीत, फार मदत झाली. कौतुकच असावे.
सौ.ने विचारले, मग तुमच्या देखरेखीखाली किती बाहेर पडली? मी म्हणालो, एक. कोणते, ते तिने विचारले नाही.
बाईंनी फोटोही पाठवला आहे, परवाचा: टिटवी अंड्यांवर शांत बसलेली. भिंगातून बराच वेळ पाहिला. बारा दिवस रोज गेलो. ती बसलेली मी एकदाही पाहिली नव्हती.