मॉर्वेन रेषेपाशी थांबली

इन्व्हरक्रेग,
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय रूरी,

तुझी तब्येत बरी असेल, जहाज तरंगत असेल आणि तिथल्या स्वयंपाक्याने अजून तुम्हा सगळ्यांना आजारी पाडलं नसेल, असं धरून लिहायला बसलोय. पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. साहजिक आहे. आपण दोघं एका वर्गात शिकलो, पण पत्र लिहिण्याइतकी जवळीक आपल्यात कधी नव्हती. तुझ्या कंपनीच्या कचेरीत फोन केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, जहाज पुढच्या बंदराला लागलं की टपाल हातात मिळेल. शिवाय तू हल्ली ईमेल वाचतोस पण उत्तर देत नाहीस, असं ऐकतो. कागद निदान खिशात तरी राहतो.

इकडे सगळं ठीक. समुद्रावरून असा वारा सुटलाय की बेकरीची पाटी उडून चर्चच्या कुंपणात जाऊन पडली. तुझ्या आईचा खोकला गेला. परवा दुकानात आली आणि माझ्या बटरी पावांत मीठ जास्त असतं, असं सगळ्या रांगेसमोर सांगून गेली. जाताना अर्धा डझन घेऊन गेली, म्हणजे प्रकृती उत्तम. तुझ्या होडीवरची ताडपत्री मी पुन्हा आवळून बांधली आहे, तिची काळजी करू नकोस.

आता खरी बातमी. काल आपल्या बंदरावरची सांता धाव झाली. तुझी मॉर्वेन धावली. आणि तिच्याबरोबर मी धावलो.

हसून झालं असेल तर पुढे वाच.

तसं ठरलेलं काहीच नव्हतं. नोव्हेंबरात गावात पत्रकं लागली तेव्हाच मॉर्वेनने सांगून टाकलं होतं, "ती माझी नि बाबाची धाव आहे. बाबा नाही, तर मी नाही." शोनाने लेकीला बरं म्हटलं. मला विचारलंच नव्हतं. पण काल सकाळी मी दुकानात नाताळच्या गोड मिन्स पायचे ट्रे लावत होतो, तेवढ्यात ही लाल डगला घालून, कापसाची दाढी हातात धरून दारात उभी.

"डूगल, तुला पळता येतं का?"

"बस सुटत असेल तर."

"आणि बस सुटत नसेल तर?"

"तर चालतो."

"मग आज बस सुटतेय असं समज," म्हणाली आणि माझा एप्रन सोडायला लागली.

शोना नेहमीप्रमाणे धक्क्यावरच्या हॉलमध्ये, धावणाऱ्यांसाठीच्या सूपच्या पातेल्यांपाशी. तिला कळवायलाही वेळ नव्हता. दुकान तुझ्या आईच्या हवाली केलं. तिने त्या तासाभरात लोकांना काय काय सांगितलं असेल, त्याचा विचार करायचं मी टाळतो.

धक्क्यावर बुकनबाई नावं लिहून घेत होत्या. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या आपल्याला अजून आडनावानेच हाक मारतात. माझ्या मापाचा सांताचा पोशाख संपला होता. उरला होता तो कुणा शाळकरी पोराच्या मापाचा. विजार पोटरीपर्यंत, आणि डगल्याचं एकही बटण लागेना. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "स्ट्रॉन, बाकीच्यांनी पोटाला उश्या बांधल्यात. तुझी एक उशी वाचली." रांगेतले सगळे हसले. मॉर्वेन सगळ्यांत जास्त हसली. ते हसणं ऐकून मला वाटलं, गुदमरलो तरी चालेल, आता पळायचंच.

वाट तुला माहीतच आहे. धक्क्यावरून दीपगृहापर्यंत आणि परत. लहान मुलांचं असतं तेवढंच. पण ते अंतर मला आजवर दुकानाच्या खिडकीतूनच माहीत होतं. शिट्टी वाजली आणि सगळं लाल गाव एकदम सुटलं. बर्फाच्या कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर वाऱ्याने निम्म्या दाढ्या पळवल्या. सीगलांना ते काहीतरी खायचं वाटलं असावं, ते मागे लागले. मासेवाल्या गॉर्डनने कुत्र्याला हरणाची शिंगं लावून आणलं होतं. ते कुत्रं माझ्या बेकरीच्या बुटांचा वास घेत पूर्ण वेळ माझ्यामागे. चरबी आणि पीठ लागलेले बूट. त्याला वाटत असणार, जेवणच पळतंय.

मॉर्वेन मात्र सुरेख पळते रे. खांदे सैल, मान पुढे. तुझीच चाल. शाळेच्या मैदानावर मी ती पाठीमागून इतकी वर्षं बघितली आहे की चूक व्हायची नाही. मला धाप लागली तसं मी म्हटलं, "तू हो पुढे." ती गेली, आणि वळणापर्यंत जाऊन परत आली. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. म्हणजे माझ्यापायी पोरगी दुप्पट पळाली.

दीपगृहाला वळसा घालून आम्ही चालायला लागलो. मला पर्यायच नव्हता. बाकीचे सगळे पुढे निघून गेले होते. मागे फक्त आम्ही दोघं आणि ते शिंगवालं कुत्रं. ती एक खडा पायाने ढकलत चालली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"बाबा रागावलाय का?"

"कुणावर?"

"माझ्यावर. आईने मला आधी विचारलं ना, तेव्हा मी हो म्हटलं म्हणून."

रूरी, लग्न हा शब्द मी इथपर्यंत टाळत आणला. तुझी होडी, तुझी आई, वारा, सगळं लिहून झालं. आता टाळण्यासारखं काही उरलं नाही. शोना आणि मी ईस्टरनंतर लग्न करतोय. हे तुला माहीत आहे, शोनाने ऑक्टोबरात कळवलंय. तुझा रविवारचा फोन बंद झाला तोही तेव्हापासूनच. तेही तुला माहीत आहे. माहीत नसेल ते एवढंच, की शोनाने आम्हा सगळ्यांच्या आधी लेकीला विचारलं होतं, आणि लेकीने हो म्हटलं होतं. तेव्हापासून ती मनातल्या मनात हिशेब मांडून बसली आहे: मी हो म्हटलं, बाबाचा फोन बंद झाला.

मी म्हटलं, "तुझ्यावर तो कधीच रागावणार नाही."

"तुला काय माहीत? तू कुठे त्याच्याशी बोलतोस?"

मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, पण मी त्याला विचारीन.

"कसं?"

"पत्र लिहून."

तिने थोडा विचार केला. "तुझं अक्षर त्याला लागेल?"

"बुकनबाईंनी दोघांनाही एकाच पट्टीने शिकवलंय. लागेल."

मग ती पुन्हा पळायला लागली, आणि मला ओढत नेऊ लागली. धक्क्यावर लोक वाट बघत होते, टाळ्या वाजवत होते. तुला माहीत आहे, आई-बाप नि मूल हातात हात घालून ती पांढरी रेषा ओलांडतात, तशीच रीत आहे. माझा हात तिच्या हातात होता. आणि रेषेच्या एक पाऊल अलीकडे मॉर्वेन थांबली. थांबली म्हणजे गाडीला करकचून ब्रेक लागावा तशी. मी जेमतेम तोल सावरला.

तिने हात सोडवून घेतला. खाली बघत अगदी हळू म्हणाली, "इथे बाबाचा हात असतो."

आजूबाजूच्या टाळ्या थांबल्या. कुणाला ऐकू गेलं नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळलं असावं. सूपचा डाव हातात घेऊन शोना हॉलच्या दारात आली होती. ती पुढे आली नाही, तिथेच उभी राहिली. मला वाईट वाटलं का, असं तू विचारणार नाहीस, पण सांगतो. वाटलं. पण ती पोर रडवेली होऊन माझ्याकडे बघत होती. आपण डूगलला दुखावलं, असं तिला वाटत होतं. आधीच एका माणसाचं ओझं घेऊन बसलेली. तिच्यावर दुसरं कशाला घालायचं.

मी गुडघ्यावर बसलो. विजार फाटल्याचा आवाज झाला, तो सगळ्यांना ऐकू गेला. म्हटलं, "हात बाबाचाच. मी इथेच थांबतो, तू जा."

"एकटी?"

"एकटी."

"आणि तू मागेच राहशील?"

"सकाळपासून दुसरं काय करतोय?"

ती हसली. नाक पुसलं. आणि मग उजवा हात थोडा वर, बाजूला धरला, मूठ अर्धी मिटलेली, कुणीतरी उंच माणूस शेजारून चालत असावा तसा. तशीच सावकाश ती रेषा ओलांडून गेली.

लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोरगी दमली होती. बुकनबाईंनी तिच्या गळ्यात पदक घातलं, आणि मला बघून कर्ण्यातून सगळ्या बंदराला सांगितलं, "स्ट्रॉन, आधी ती विजार झाक."

तेव्हा मी विचारीन म्हटलं होतं, ते विचारतोय. तू तिच्यावर रागावलायस का? उत्तर मला नकोय. तिला दे. रविवारी दुपारी ती अजून फोनजवळच्या खुर्चीत चित्रं काढत बसते. शोनाने बोलावलं तरी उठत नाही.

तुझं नि शोनाचं का मोडलं ते तुमचं. माझ्याबद्दल तुला काय वाटतं, तेही तू खुशाल वाटून घे. फक्त एक सांगतो. मी तिचा बाबा व्हायला निघालेलो नाही. ती जागा रिकामी नाही, हे मी काल रेषेच्या अलीकडे गुडघ्यावर बसून बघितलं.

रविवारी दुपारी मी घरी नसतो, बेकरीत असतो. फोन मी उचलण्याची भीती नाही.

डूगल स्ट्रॉन


इन्व्हरक्रेग,
जानेवारी, बर्फ पडतंय

प्रिय रूरी,

फोन आला त्या वेळी मी आधीच घासलेली भट्टी पुन्हा घासत होतो. मला कळलं ते मॉर्वेन घरातल्या चपला घालून बर्फातून धावत आली तेव्हा. मोजे ओले, गाल लाल. भट्टीसमोर तिला बसवलं आणि एक गरम बटरी हातात दिली. तोंड भरलेलं असतानाच तिने सांगायला सुरुवात केली.

"बाबा माझ्यावर रागावलाच नव्हता. त्याला काय बोलायचं ते सुचत नव्हतं. मोठी माणसं अशी असतात का?"

"बरीचशी."

"तू पण?"

"मी पत्रं लिहितो."

तू तिला सांगितलंस म्हणे, की शाळेत मी नेहमी तुझ्यामागे असायचो. ते खरं आहे. एकदाच पुढे होतो, तेव्हा मी एक फेरी कमी मारली होती, हेही तू सांगितलंस. एवढं सांगायची काही गरज नव्हती.

त्या दिवशी ती जेवली ते बघायला हवं होतंस. दोन वाट्या मासळीचं सूप, वर माझ्या ताटातला बटाटा. शोना सारखी उठून खिडकीतून बर्फ बघत होती. बर्फात बघण्यासारखं काही नव्हतं. ती डोळे पुसत होती, म्हणून मी तिकडे बघितलं नाही.

लग्नाला येशील का, असं मॉर्वेनने तुला विचारलं. तू "बघू" म्हणालास. तेव्हापासून ती गावभर सांगत सुटली आहे की बाबाचं "बघू" म्हणजे हो. तुझी आई तर तुझ्यासाठी कोट शिवायला टाकून आली. त्यामुळे तुझ्या हातात आता फारसं काही राहिलेलं नाही.

केक मीच करतोय. फळांचा केक तुला आवडत नाही, असं मुलीकडून कळलं, म्हणून खालचा थर चॉकलेटचा करतो. स्वतःच्या लग्नात दुसऱ्याच्या आवडीचा केक करणारा या किनाऱ्यावर मी पहिलाच असेन. पण मॉर्वेन तुझ्या शेजारी बसून खाणार आहे, आणि तिचाही तोच आवडता.

मार्चमध्ये सुट्टीवर आलास की आधी तिच्याकडे ये, मग आईकडे, मग वाटलं तर दुकानात. मागचं दार उघडं असतं.

तुझ्या लेकीच्या घरचा,
डूगल