टाकी दिसते तोवरचं पाणी

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहिते. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवून किंवा फूस लावून मला लिहायला बसवलेलं नाही. उद्या मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेणार आहेत. हृदयाची झडप खराब झाली आहे, छाती उघडून बदलणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक जण बरे होऊन घरी जातात." मी त्या बहुतेकपाशीच अडकले. मला भीती वाटते. मृत्युपत्रात असं लिहितात का ते माहीत नाही, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

माझ्या मागे एकच लेक, मुंगी. माझं जे काही आहे ते सगळं तिचं. ती सज्ञान होईपर्यंत तिने माझ्या थोरल्या बहिणीकडे राहावं. ताई बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. हात गार आणि तोंड गरम, पण पोरीला जीव लावते. मुंगीला झोपताना कानाची पाळी धरायला लागते, स्वतःची नाही, दुसऱ्याची. ताई, तुझी देत जा.

राहतं घर मुंगीचं. विकू नये. भाड्याने दिलं तर चालेल, पण पुढच्या खोलीतली जाळ्याची खुंटी कोणी काढू नये. जाळं विणायची लाकडी सुई तिथेच अडकवलेली आहे. ती तिच्या बाबांच्या हातची, तीही तिची.

आता होडी. माझा जीव तिथे अडकला आहे, म्हणून नीट लिहिते.

समुद्राला कुंपण नाही, पण मालक तीन. खाडीच्या तोंडाशी जाळं कधी टाकायचं नाही ते गावचं कार्यालय ठरवतं. तिथून बाराव्या मैलापर्यंत राज्य सरकार. परवाना त्यांचा, जाळ्याची भोकं केवढी तेही त्यांनीच सांगायचं. बाराव्या मैलाच्या पलीकडे केंद्र सरकार, त्यांचा परवाना वेगळा आणि गस्तीची बोटही वेगळी. आमच्याकडे फक्त राज्याचा परवाना. म्हणून मुंगीचे बाबा ती हद्द कधी ओलांडत नसत. पाण्यावर रेघ कुठे दिसते? आमच्या माणसांची खूण एकच, गावची पाण्याची टाकी. माझे सासरे सांगायचे, "टाकीचं डोकं दिसतंय तोवर आपलं पाणी. डोकं बुडालं की दुसऱ्याच्या अंगणात आलास, फिर मागे." हद्द दाखवणारं यंत्र पुढच्या मोसमात घ्यायचं ठरलं होतं.

गेल्या साली गस्तीच्या बोटीने ह्यांना बाराव्या मैलाच्या पलीकडे पकडलं. हे सांगत राहिले, "साहेब, टाकी दिसतेय की." ते हसले. होडी जप्त करून सरकारी धक्क्याला बांधली, ती अजून तिथेच आहे. पोट तर बांधून ठेवता येत नाही, म्हणून हे दुसऱ्याच्या मोठ्या बोटीवर कामाला गेले. तिथे ताणलेला दोर तुटून ह्यांना लागला. परत आले ते चादरीत.

त्यानंतर मी मुंगीला कडेवर घेऊन कचेऱ्या पालथ्या घातल्या. राज्याच्या मत्स्य खात्यातले साहेब म्हणाले, "बाई, तुमची होडी पलीकडे पकडली. ते आमचं पाणी नाही."

"मग ती तुमच्या धक्क्याला कशी?"

"होडीची नोंद आमची, धक्का आमचा. गुन्हा त्यांच्या पाण्यातला."

केंद्राच्या कचेरीत गेले तर ते म्हणाले, कागद खाली पाठवले आहेत, खाली विचारा. गावच्या कार्यालयात गेले तर, "टाकी आमची, समुद्र आमचा नाही." होडी माझ्या नावावर झाली तेवढंच. आता पावसाळी मासेमारी बंदी उठायच्या आधी सुनावणी आहे. तोवर मी असेन की नाही, देव जाणे.

धाकटे भाऊजी, म्हणजे मुंगीच्या बाबांचे भाऊ, आता तुमच्याविषयी लिहायचं आहे. दहाव्याला माणसं बसली होती तेव्हा तुम्ही म्हणालात, "दादाला हाव नडली." नंतर होडी विकायची म्हणून मोठ्या जाळ्यांच्या मालकाला ती बघायला आणलंत आणि वर मला म्हणालात, "वहिनी, सडकं लाकूड आणि रडकी बाई, दोन्ही वेळेत हलवावी." मी विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

आमच्या गल्लीत रंगारी मामा राहतात. जुनी टाकी त्यांनीच रंगवलेली, नवीही त्यांनीच. परवा ओट्यावर चहा पिताना म्हणाले, "नव्या टाकीला माझा जुना दोर पुरला नाही गं. जुनीला बरोबर जमिनीपर्यंत पोचायचा. वरून सोडला तर मी अधांतरी लोंबकळतोय. दुसरा जोडावा लागला." माझ्या हातातला कप तसाच राहिला. ह्यांना पकडलं त्याच्या आधीच टाकी पाडून त्याच जागी नवी बांधली, उंच बांधली, आणि हे कोणी समुद्रावर जाणाऱ्याला सांगितलं नाही. उंच टाकी लांबून दिसणारच. हे टाकी बघत बघतच हद्दीबाहेर गेले. हाव नव्हती. सासऱ्यांचा शब्द पाळत होते.

म्हणून माझी अट अशी. मी नसले तर सुनावणीला भाऊजींनी जावं, मामांना दोरासकट बरोबर न्यावं. तिथे सगळ्यांच्या देखत भाऊजींनी आपल्या तोंडाने म्हणावं, "माझ्या भावाला हाव नव्हती." एवढं म्हटलं तर होडी सुटल्यावर मुंगी मोठी होईपर्यंत त्यांनी ती चालवावी, निम्मं उत्पन्न ताईकडे पोरीसाठी द्यावं. नाही म्हटलं तर त्यांचा होडीच्या दोरीलाही हात लागू नये, सगळी व्यवस्था ताईने बघावी. होडी मुंगीची आहे. ती कोणीही विकू नये, मोठ्या जाळ्याच्या मालकाला तर मुळीच नाही. भाऊजी, मी तुमच्यावर रागावलेली आहे, पण समुद्र तुम्हाला कळतो. मुंगीला शिकवाल तर तुम्हीच.

शेवटची इच्छा टाकीची. जुनी टाकी जिथे संपायची तिथपर्यंत पांढरा रंग ठेवावा, आणि त्याच्यावरचं सगळं आभाळाच्या रंगाने रंगवावं, म्हणजे समुद्रावरून टाकी होती तेवढीच दिसेल. मामा म्हणाले, "मी फुकट करीन, पण परवानगी कोणाची घ्यायची?" टाकी गावाची, मैल राज्याचे, पलीकडचं केंद्राचं. तिघांनाही मी अर्ज दिला आहे. उत्तर आलं नाही तर मामा, जमिनीपासून तुमचा जुना दोर जिथपर्यंत पोचतो तिथून वर रंगवायला घ्या. पकडलं तर माझं नाव सांगा.

मुंगी, तू होडीवर जा किंवा नको जाऊस, ते तुझं तू ठरव. गेलीस तर मागे वळून बघत जा. टाकी बुडायला लागली की होडी फिरव. धक्क्यावर मी असेन. मी नसले तर ताई असेल. कोणीतरी असेलच.

हे सगळं शेजारणीला आणि मामांना वाचून दाखवलं. शेजारीण म्हणाली, "मला तुझा वरवंटा ठेव." मी म्हटलं, साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. "मग तू परत ये आणि हाताने दे," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून सही केली.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली, खुंटीखाली.
तारीख: दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, समुद्र बंद असताना.

लिहून देणार: मुंगीची आई (सही)
साक्षीदार: रंगारी मामा (सही, बोटाला निळा रंग लागलेला)
साक्षीदार: शेजारीण, मासळीवाली (सही)