खंडेनवमीले चिकटलेली रायफल

मु. पो. बीबी, दसऱ्याचा दुसरा दिवस

शेखरभाऊंना मोतीरामचा मनापासून रामराम.

तुमची कंबर आता कशी आहे? वहिनी, लेकरं बरी असतीलच. इकडं सगळे मजेत, फक्त तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही. (त्यानं घरात शांतता आहे, हे तिले सांगू नका.) फोन तिच्याजवळच राह्यते म्हणून हे पत्र. पोरगी प्रतीक्षा ते तुमच्या मेहकरच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देऊन देईल.

तर तुम्ही भाचीले छऱ्याची रायफल घेऊन दिली, तिची ही गोष्ट. रविवारी पोरीची बुलढाण्याले स्पर्धा. तिचे छर्रे बरोबर लागतात, पण मधातच एखादा भलतीकडं जाते. ती म्हणे, माझाच हात हालत असंल. म्या म्हणलं, हात नाही, लाकडी दस्त्यात नळी-खटक्याचं लोखंड हालून राह्यलं. (जन्मभर विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग भरलं आपण, ढिलं काय ते आपल्याले लगेच समजते.) मंग मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाह्यला. दस्त्याच्या खाचेत दोन ट्यूबा मिसळून होते तो पक्का गोंद भरायचा, वरून लोखंड बसवायचं, स्क्रू आवळून रातभर ठेवायचं. लोखंड गोंदाले चिकटू नये म्हणून त्याले आधी मेण चोपडायचं. सकाळी लोखंड अलगद बाहेर निघते अन् खाच त्याच्याच मापाची तयार! त्याचं इंग्रजी मले समजलं नाही, पण हात समजले.

म्या लोखंडाले मेण चोपडलं, ओसरीत पेपरवर ठेवलं अन् गोंद आणाले चौकात गेलो. तिथं तुळशीराम वेल्डिंगवाला भेटला, त्याले सगळं समजावून सांगावं लागलं, त्यात चहा झाला. (जाणकार माणसाले लोक लवकर सोडत नाहीत.) इकडं खंडेनवमी! तुमच्या बहिणीनं पूजेसाठी घरातलं झाडून सगळं लोखंड काढलं होतं. इळा, कुऱ्हाड, डवऱ्याची पास, माझे पाने-पकडी. त्यात हे मेणचट लोखंड दिसलं. अगं माय, किती कळकट ठेवलं या माणसानं, म्हणून तिनं राखेनं घासलं, हळदकुंकू वाह्यलं अन् होतं तिथंच परत ठेवलं. म्या येऊन पाह्यतो तं लोखंड चकचकीत. वाटलं, वा, मेण काय झकास बसलं! कुंकू दिसलं, नाही असं नाही. पण म्हणलं पूजाही झाली, आता काम फत्ते. गोंद भरला, स्क्रू आवळले अन् मस्त झोपलो.

सकाळी लोखंड उचललं तं दस्त्यासगट आलं. ओढलं, ठोकलं. तुळशीरामले बोलावून तिकडून त्यानं अन् इकडून म्या खेचलं, तं म्या आंगणात पाठीवर आपटलो, रायफल जशीच्या तशी. प्रतीक्षा दारात उभी होती. डोळे भरून आले तिचे. वर्षभर शाळेच्या आधी उठून सराव केला हो पोरीनं! शेखरभाऊ, तेव्हा मले माझीच लय लाज वाटली. म्हणून लगेच तिच्या मायवर ओरडलो. ती म्हणे, मेण लावलं हे सांगाले तोंड नव्हतं काय? तेव्हापासून अबोला आहे.

बाकी सगळं ठीक. राग आला तं तुमच्या बहिणीवर काढावा.

तुमचा,
मोतीराम

ता. क. तुमच्या ओळखीत कोणाची रायफल रविवारपुरती भेटंल काय? काऊन पाह्यजे ते मात्र सांगू नका.

ता. क. (हे मी, प्रतीक्षा, बसस्टँडवर लिहून राह्यली.) मामा, दुसरी रायफल पाहू नका. काल आई म्हणे, चिकटली तं चिकटली, मारून तं पाह्य. खटका मोकळा आहे. लोखंड आता जरासुदिक हालत नाही, सगळे छर्रे एकाच भोकात जाऊन राह्यले! बाबाले सांगितलं नाही, नाहीतर ते अजून सुधारणा करतील. तुम्ही आजच या अन् बाबाले रविवारपर्यंत तुमच्याकडं घेऊन जा. आई म्हणते, दिवाळीपर्यंत ठेवलं तरी चालते.